‘यू’ आकाराची रेघ आणि परदेशातला चौथा महिना



परदेशी विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या आठवड्यात जे ओळखसत्र असतं, त्यात बरेचदा एक आकृती पडद्यावर येते. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर ‘किती बरं वाटतंय’. रेघ वरून सुरू होते, काही महिन्यांनी खाली जाते आणि पुढे हळूहळू पुन्हा वर चढते. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी. सांगणारा धीर देतो, ‘मध्ये थोडं वाईट वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. थांबा, जाईल.’

हीच रेघ तुमच्या संशोधन आराखड्यांतही येते. ‘परदेशातील भारतीय विद्यार्थ्यांचे समायोजन’ हा विषय अनेकांना जवळचा वाटतो, आणि साहित्य आढाव्याच्या पहिल्याच पानावर ‘यू वक्र’ सिद्ध झालेल्या नियमासारखा मांडला जातो. म्हणून आज या गृहीतकाची जरा नीट तपासणी करू. माझं म्हणणं आधीच सांगते. ही रेघ फार थोड्या आणि वेगळ्याच कामासाठी गोळा केलेल्या पुराव्यावर उभी आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, विद्यार्थ्याच्या दिवसात ज्या अडचणी बाहेरून येतात, त्या ती त्याच्या मनाच्या खात्यात जमा करते.

रेघ आली कुठून?

१९५५ साली स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने एक लेख प्रसिद्ध केला. फुलब्राइट अनुदानावर अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. त्याने मुक्कामाच्या कालावधीनुसार गट पाडले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक जास्त रुळलेले दिसले. सहा ते अठरा महिने राहिलेले त्यामानाने कमी. त्यावरून त्याने अंदाज बांधला की माणूस आधी ठीक असतो, मग ढासळतो, मग सावरतो.

आता थोडं थांबा आणि स्वतःला विचारा: हे अनुमान या आकड्यांतून निघतं का?

पहिली अडचण अशी. एकाच माणसाला दुसऱ्या, दहाव्या आणि विसाव्या महिन्यात विचारलं गेलेलं नाही. तीन वेगवेगळे गट शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातून एक प्रवास वाचला गेला. याला आपण आडवा छेद म्हणतो. पाचवीतला एक मुलगा, आठवीतला दुसरा आणि दहावीतला तिसरा अशी उंची मोजून ‘मूल असं वाढतं’ म्हणायचं, तसा हा प्रकार. कधी कधी चालतो, पण तीनही मुलं सारख्या घरातली असतील तरच.

दुसरी अडचण इथेच आहे. पाच महिन्यांसाठी कोण जातं आणि दोन वर्षांसाठी कोण राहतं? थोड्या काळासाठी जाणाऱ्याचं परतीचं तिकीट, पगार आणि नोकरी बहुधा ठरलेली असते. आणि ज्याला तिथे करमत नाही, तो मुक्काम वाढवेल कशाला? म्हणजे अठरा महिन्यांनंतरच्या गटात बरं वाटणारे लोक जास्त दिसले, तर त्याचं कारण ‘काळ गेला’ हे असेल किंवा ‘नाराज लोक आधीच परतले’ हेही असेल. लेखातल्या तुलनेवरून या दोन कारणांमध्ये निवाडा करता येत नाही.

तिसरी अडचण आठवणीची. मुलाखती परतल्यानंतरच्या आहेत. घरी बसून मागे वळून पाहताना आपण अनुभवाची गोष्ट करतो, आणि गोष्टीला सुरुवात, संकट आणि सुटका लागतेच. यू आकार हा अनुभवाचा आहे की गोष्ट सांगण्याच्या सवयीचा, हे परतलेल्या माणसाच्या मुलाखतीवरून ओळखता येत नाही.

लिसगार्डला एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. मधल्या खड्ड्याचं त्याचं स्पष्टीकरण मैत्रीभोवती होतं. सुरुवातीला वरवरच्या ओळखी पुरतात, पुढे माणसाला जवळचं कोणी हवं असतं आणि ते लगेच मिळत नाही. हा विचार आजही तपासण्याजोगा आहे. गंमत अशी की पुढच्या लोकांनी हा विचार बाजूला ठेवला आणि आकृती तेवढी उचलली.

‘मधुचंद्र’ कोणाचा?

यू वक्राबरोबर नेहमी येणारा दुसरा शब्द म्हणजे ‘कल्चर शॉक’. तो लोकप्रिय केला मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी. त्यांचा लेख १९६० चा, पण मुळात ते १९५४ साली रिओ दि जानेरो इथल्या महिला क्लबमध्ये दिलेलं भाषण होतं. मधुचंद्र, मग संकट, मग सावरणं, मग रुळणं हे टप्पे तिथूनच आपल्या टिपणवह्यांत आले.

मूळ लेख छोटा आहे, जरूर वाचा. मधुचंद्राच्या टप्प्यातली माणसं हॉटेलात उतरतात आणि आपली भाषा बोलणाऱ्या स्थानिकांमध्ये वावरतात, असं ओबर्ग वर्णन करतात. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर कामानिमित्त परदेशी राहणारी, बऱ्यापैकी सोयीत असलेली कुटुंबं आहेत. अनुभवी माणसाची निरीक्षणं म्हणून लेख चांगला आहे. पण त्यात नमुना नाही, मोजमाप नाही आणि विद्यार्थी तर नाहीतच.

आता शैक्षणिक कर्ज काढून, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन, विमानतळावरून थेट कोणाच्या तरी खोलीतल्या गादीवर उतरलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याचा मधुचंद्र कधी असतो?

हा प्रश्न कोलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पद्धतशीरपणे विचारला. न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांना त्यांनी आल्यापासून २४ तासांच्या आत गाठलं आणि पुन्हा चार, सहा व बारा महिन्यांनी. माणसं तीच, वेळा चार. निष्कर्ष यू वक्राच्या उलट निघाला. अडचणी सर्वांत जास्त अगदी सुरुवातीला होत्या आणि नंतर कमी होत गेल्या. वर चढलेली सुरुवात सापडलीच नाही.

नमुना लहान आहे, देश एक आहे, हे खरं. त्यावरून नवा नियम करू नका. पण हा एकटा अभ्यास नाही. १९८२ मध्येच ऑस्टिन चर्च यांनी तोवरच्या साहित्याचा मोठा आढावा घेऊन सांगितलं होतं की यू वक्राला मिळणारा आधार कमकुवत आहे आणि तो गरजेपेक्षा जास्त सर्वसामान्य करून मांडला जातो. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधीच या रेघेवर प्रश्नचिन्ह लागलेलं होतं. तरी ती पडद्यावर येतेच, कारण ती सोपी आहे, लक्षात राहते आणि धीर देते. धीर देणं वाईट नाही. पण धीर देणारी गोष्ट आणि खरी ठरलेली गोष्ट या दोन वेगळ्या आहेत, आणि संशोधकाला हा फरक धरून ठेवावा लागतो.

खड्डा मनात की कॅलेंडरात?

आता सिद्धान्त बाजूला ठेवू आणि एक साधा दिवसक्रम बघू. मी जर्मनीत राहते, म्हणून उदाहरण तिथलं घेते.

समजा, एक मुलगी नाशिकहून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जर्मनीत पोचली. तिच्या नावावर बंद खात्यात पैसे आहेत. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते. पण त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. मूळ भाडेकरूकडून काही महिन्यांसाठी खोली घेतली असेल, तर तो हा कागद द्यायला बरेचदा तयार नसतो. नोंद नाही तर कर क्रमांकाचं पत्र कुठे येणार? अनेक बँकाही नोंदणीचा कागद मागतात. बँक खातं नसेल, तर बंद खात्यातले पैसे येणार कुठे? एका सहीवर सगळी साखळी अडते.

आता महिने मोजा. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी असलेला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. प्रयोगशाळेतून पाचला निघाल्यावर आई-बाबांना फोन लावायची सवय असेल, तर आता तिकडे साडेनऊ वाजलेले असतात आणि बाबा झोपायच्या तयारीत. डिसेंबरात बर्लिनला दिवसाचा उजेड आठ तासांहून कमी. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दूध-भाजी राहिली तर राहिली. जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षा. ज्या व्हिसावर ती आली, तो बरेचदा तीन ते सहा महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायला हवा आणि मोठ्या शहरांत तिथली भेटीची वेळ मिळणं हेच एक काम होऊन बसतं. काही महिन्यांसाठी घेतलेली खोलीही याच सुमारास सोडायची वेळ येते.

म्हणजे चौथ्या महिन्यात तिला झोप लागत नाही, जेवण जात नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. रेघ म्हणते: बघा, खड्डा आला! पण हा खड्डा तिच्या मनाने ठराविक वेळी खणला आहे का? की अंधार, परीक्षा, व्हिसाची तारीख आणि भाडेकरार हे सगळं एकाच महिन्यात येऊन पडलं?

हे तपासायचं कसं? शिक्षणाचं कॅलेंडर बदलून बघा. ऑस्ट्रेलियात मुख्य सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं आणि तिथला हिवाळा जूनमध्ये. जर्मनीत ऑक्टोबरमध्ये आलेले आणि एप्रिलच्या सत्राला आलेले असे दोन गटही घेता येतील. खड्डा दोन्ही गटांत चौथ्याच महिन्यात दिसला तर ‘काळ’ या कारणाला वजन आहे. तो हिवाळ्यात किंवा परवान्याच्या तारखेभोवती दिसला, तर आपण इतके दिवस कॅलेंडरला मन म्हणत होतो. पटो वा न पटो, ही तुलना एका प्रबंधाला पुरेल एवढी आहे.

हा फरक नुसता पद्धतीचा नाही. समजा दोन मुली आहेत आणि दोघींनाही झोप लागत नाही. पहिलीला वसतिगृहात पक्की खोली आहे आणि तिला घरची आठवण येते. दुसरीच्या व्हिसाचे तीन आठवडे उरलेत आणि भेटीची वेळ मिळालेली नाही. पहिलीला ‘थांब, जाईल’ म्हणणं ठीक आहे. दुसरीला तेच सांगितलं तर तिचं नुकसान होतं, कारण तारीख थांबत नाही. तिला आज अर्ज पाठवायला, त्याची पोच जपून ठेवायला आणि विद्यार्थी सल्ला केंद्रात जायला सांगणारं माणूस हवं. आणि सगळ्यात वाईट काय, तर ओळखसत्रातली आकृती आठवून ती स्वतःलाच म्हणते, ‘बाकीच्यांना जमतंय, मलाच रुळता येत नाही.’

प्रश्नावलीत काय नसतं

हाच कल मोजपट्ट्यांतही उतरतो. संधू आणि असराबादी यांनी १९९४ मध्ये केलेली परदेशी विद्यार्थ्यांच्या ताणाची ३६ विधानांची मोजपट्टी खूप वापरली जाते. तिच्यात भेदभावाची जाणीव, घरची ओढ, लोकांचा तिटकारा जाणवणं, भीती, बदलाचा ताण, अपराधीपणा असे विभाग आहेत. भेदभाव मोजायची सोय त्यांनी ठेवली, ही चांगली गोष्ट. पण घरभाडं, कर्जाचा हप्ता, परवाना यांच्यासाठी वेगळा विभाग नाही. जे विचारलंच नाही ते उत्तरांत कसं येणार? मग चर्चेच्या प्रकरणात ‘घरची ओढ हा ताणाचा मुख्य घटक आढळला’ असं वाक्य येतं आणि तो आकडा खराच असतो. फक्त स्पर्धेत कोण कोण होतं ते वाचकाला कळत नाही.

जेनी ली आणि चार्ल्स राइस यांच्या २००७ च्या अभ्यासाने बोट नेमकं इथेच ठेवलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून त्यांना दिसलं की भारत, आशियातले इतर देश, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व इथून आलेल्यांना वाईट वागणुकीचे अनुभव होते, तर युरोप, कॅनडा, न्यूझीलंडहून आलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना ते जवळजवळ नव्हते. परके सगळेच, पण वागणूक एकसारखी नाही. म्हणून सगळी अडचण विद्यार्थ्याच्या ‘न रुळण्यात’ शोधता येत नाही. यजमान समाजाच्या बाजूलाही पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ‘समायोजन’ हा शब्द शीर्षकात घेताना हे आठवा. कोणी कोणाशी जुळवून घ्यायचं, याचं उत्तर त्या शब्दाने आधीच देऊन टाकलेलं असतं.

मग दुसऱ्या टोकाला जायचं का? सायमन मार्जिन्सन यांनी २०१४ मध्ये परदेशी विद्यार्थी हा कमतरता असलेला, दुरुस्त करायचा माणूस नसून स्वतःला घडवणारा माणूस आहे, असा विचार मांडला. मला तो आवडतो. विद्यार्थ्याची बाजू आणि त्याची निवड त्यात दिसते. पण वापरताना जपून. ‘ती स्वतःला घडवते आहे’ असं म्हणत आपण भाडेकराराची सही पुन्हा एकदा विसरू शकतो. घडवणाऱ्या हातात कोणती साधनं आहेत, हे विचारल्याशिवाय ‘घडवणं’ हाही धीर देणारा शब्दच उरतो.

मराठीत याचा एक जुना दाखला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पदवी हेच माप धरलं, तर त्यांची रेघ या दिवशी सर्वांत वर संपते. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावा वाढदिवस व्हायच्या आधीच, पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. यशाच्या रेघेत शरीर कुठेच दिसत नाही. ते शोधायचं तर त्यांच्या पत्रांकडे जावं लागतं. पत्रावर तारीख असते आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. परतल्यावरच्या मुलाखतीत नेमकं हेच नसतं.

तुमच्या आराखड्यासाठी

या विषयावर काम करणार असाल, तर एवढं तरी करा.

एक, मूळ लेख वाचा. लिसगार्ड आणि ओबर्ग दोघेही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा वेगळे आहेत. दुसऱ्याच्या आढाव्यातून संदर्भ उचलला की त्याची चूकही आपोआप उचलली जाते.

दोन, माणसं तीच ठेवा आणि वेळा बदला. पहिली नोंद शक्यतो निघण्याआधी, इथेच घ्या. नाहीतर ‘तिकडे गेल्यावर ताण वाढला’ हे कशाच्या तुलनेत, ते सांगता येणार नाही. मधेच अभ्यास सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारण लिहून ठेवा. बहुधा सर्वांत महत्त्वाची माहिती त्यांच्याकडेच असते.

तीन, ‘कसं वाटतंय’ याच्या शेजारी ‘काय झालं आणि कधी’ असा रकाना द्या. खोली बदलली, परवाना आला, हप्ता सुरू झाला, कामाचे तास कमी झाले. चौदा दिवसांची साधी नोंदवही दिली तरी चालेल. दिवसाला पाच ओळी पुरतात.

चार, नमुन्याची वाट बघा. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्नावलीची लिंक टाकली की दीडशे उत्तरं एका रात्रीत येतात. पण जो एकटा पडला आहे तो त्या गटात आहे का? गणेशोत्सवाला मोदक करायला जाणाऱ्यांना विचारून एकटेपणा मोजता येत नाही.

पाच, तुमचं गृहीतक कोणत्या निकालाने पडेल, हे आधीच एका वाक्यात लिहा. यू वक्राची गंमत अशी की रेघ सपाट आली तर ‘खड्डा उथळ होता’, खालीच राहिली तर ‘अजून सावरायचे आहेत’ आणि परतल्यावर पुन्हा घसरली तर दोन ‘यू’ जोडून ‘डब्ल्यू’ करता येतो. गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये तो केलाच. कोणताही निकाल ज्याला चालतो, असं गृहीतक आपल्याला काहीच सांगत नाही.

तुमच्यातले काही जण हा विषय अभ्यासणार नाहीत, पण उद्या स्वतः जातील. त्यांनाही सांगते. ओळखसत्रात ती आकृती आली तर जरूर बघा, धीर घ्या. पण त्याच संध्याकाळी वहीत चार तारखा लिहा: व्हिसा कधी संपतो, भाडेकरार कधी संपतो, परीक्षा कधी, आणि पैसे कुठवर पुरतात. चौथ्या महिन्यात वाईट वाटलं, तर आधी ती वही उघडा. तारखांमध्ये कारण सापडलं तर त्यावर काम करा, मदत मागा. नाही सापडलं आणि तरी मन उठत नसेल, तर रेघ वर जायची वाट बघत बसू नका. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा.

पुढच्या लेखात एकाच माणसांना पुन्हा पुन्हा विचारण्याच्या अभ्यासात गळती कशी हाताळायची, ते उदाहरणासकट बघू. तोवर वरचा पाचवा मुद्दा तुमच्या आराखड्याला लावून बघा, आणि ते एक वाक्य लिहिता आलं का ते कळवा.